मृतांचे निवेदन आणि विधवेचा आवाज

यवतमाळ येथे ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याची सांगता झाली, आणि दुसऱ्याच दिवशी, १४ जानेवारीच्या रात्री, झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले. हा निव्वळ योगायोग होय. वाहिनीच्या वेळापत्रकाशी संमेलनाचा संबंध असण्याचे काही कारण नाही. तथापि या दोन घटना शेजारी ठेवल्या असता मराठी कथनाविषयीचा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. संमेलनाच्या उद्घाटक म्हणून निमंत्रित झालेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्यानंतर, यवतमाळ जिल्ह्यातीलच राजूर येथील वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेने उद्घाटन केले. मेलेल्या माणसाची गोष्ट सांगण्यासाठी तेथे त्याच्यामागे राहिलेली स्त्री उभी होती. मालिकेने मात्र मेलेल्या माणसालाच पुन्हा जिवंत करून त्याच्याकडून त्याची गोष्ट वदवण्याचा मार्ग निवडला होता. मृताविषयी कोणी बोलावे, हा प्रश्न भयकथनाच्या तंत्राचा आहेच. परंतु तो केवळ तंत्राचा आहे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू होऊन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपले. शीर्षक ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून घेतलेले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाड्यात चित्रित झालेल्या या कथेचा आरंभ अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होतो. मुंबईला राहणारा थोरला मुलगा माधव, गावीच शेतीवाडी पाहणारा दत्ता, लग्नाच्या उंबरठ्यावरचा अभिराम, विधवा मुलगी छाया, सुना, नातवंडे आणि सगळे काही ‘इसरणारा’ गडी पांडू अशी माणसे एका मृत्यूच्या निमित्ताने वाड्यात अडकून पडतात. ज्याच्याभोवती हे सर्व फिरते तो माणूस कथेत मुख्यतः इतरांच्या बोलण्यात, धाकात आणि आठवणींत असतो. विधवा झालेल्या माईंना तो एक दिसतो, दत्ताला दुसरा, माधवला तिसरा. जमीन कोणाला मिळणार हा प्रश्न आणि रात्री वाड्यात कोण फिरते हा प्रश्न, असे दोन प्रश्न शेजारी शेजारी चालत राहतात. पुढे पोलीस तपास आल्यावर तर भुताची वाट आणि खुनाची वाट यांतली कोणती खरी, हे ठरवणे प्रेक्षकावरच सोडल्यासारखे होते.

विलक्षणाच्या साहित्याविषयी त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये जे विवेचन केले, त्याचा येथे उपयोग होतो. त्यांच्या मते विलक्षणाचा प्राण संदेहात असतो. घडलेल्या घटनेला लौकिक कारण आहे की ती खरोखरच अलौकिक आहे, याचा निर्णय जोपर्यंत होत नाही तोपर्यंतच वाचक विलक्षणाच्या प्रदेशात असतो. निर्णय झाला की एकतर उलगडा होतो किंवा अद्भुताचा स्वीकार होतो, आणि दोन्ही बाजूंनी तो प्रदेश संपतो. अठराव्या शतकातील इंग्रजी गॉथिक कादंबरीत या दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. होरेस वॉल्पोल यांच्या ‘द कासल ऑफ ऑट्रँटो’मध्ये (१७६४) अलौकिक हे अलौकिकच राहते, तर अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’मध्ये (१७९४) भीतीच्या प्रत्येक कारणाचा शेवटी लौकिक खुलासा मिळतो. या दोन्ही कादंबऱ्यांच्या तळाशी एक मालमत्ता आहे, तिच्यावरचा संशयास्पद हक्क आहे आणि त्या हक्कापायी कोंडली गेलेली स्त्री आहे. गॉथिकचा किल्ला पडका असतो. तरी तो कोणाच्या तरी मालकीचा असतो, हे विसरून चालत नाही.

मराठी कादंबरीचा आरंभ या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. त्याचा विषय हिंदू विधवांची स्थिती. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली आणि तिच्यापासून अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा सुरू झाली असे मानले जाते. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः येत होती. पुढच्या अंकापर्यंत वाचकाला ताटकळत ठेवण्याची कला मराठीत दूरचित्रवाणीने आणलेली नाही, एवढे यावरून ध्यानात यावे. एका बाजूला विधवेच्या वास्तवाची वाट आणि दुसऱ्या बाजूला गड, भुयार, कपटी खलपुरुष, संकटात सापडलेली नायिका यांची वाट. या दोन वाटा आरंभापासून समांतर आहेत. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली, तेव्हा त्यांनी विधवेलाच निवेदक केले. मराठी वास्तववादाचा तो निर्णायक क्षण होता, असे इतिहासकार सांगतात ते योग्यच आहे. मात्र त्या निर्णयाची दुसरी बाजू फारशी पाहिली गेली नाही. त्यानंतर अद्भुतरम्याकडे विधवा उरली ती केवळ पांढऱ्या लुगड्यातील आकृती म्हणून. विहिरीवर, चिंचेखाली, माजघराच्या दारात उभी असणारी ही आकृती वाचकाला घाबरवण्याचे काम करू लागली. तिला बोलण्याचे काम राहिले नाही.

विसाव्या शतकातील भयकथेने ही विभागणी फारशी मोडली नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी भयकथेला विश्वव्यापी अनिष्टाची कल्पना दिली, आणि ‘समर्थ’सारखा तारक नायक उभा करून वाचकाच्या भीतीला शेवटी आधारही दिला. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथा मध्यमवर्गीय मनाच्या आतल्या खोलीत नेली. मतकरींच्या कथांवरील ‘गहिरे पाणी’ ही मालिका आणि धारपांच्या साहित्यावर आधारलेली ‘ग्रहण’ (२०१८) ही मालिका यांनी त्यांना पडद्यावर आणले. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपटही त्याच वंशातला. धारपांची गोष्ट आपण १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली, असे बर्वे यांनी सांगितले आहे. कोकणातल्या वाड्याचा हा सर्वांत गाजलेला भयपट विदर्भातल्या रानात ऐकलेल्या गोष्टीतून उगवला, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. भयकथा मुळात कानाने पसरते. ‘तुंबाड’ने लोभाला केंद्रस्थानी आणले आणि वाड्याच्या मालकीचा प्रश्न उघड केला. भाऊबंदकी, वाटणी, ठेवलेली बाई, घरची लेकीसुना यांचा सारा पसारा मात्र दीर्घ मालिकेच्याच वाट्याला यायचा होता, कारण त्याला लागणारा वेळ दोन तासांच्या चित्रपटापाशी नसतो.

‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वावर दोन आक्षेप घेतले गेले. मालिका अंधश्रद्धा पसरवते हा एक, आणि ती कोकणाची बदनामी करते हा दुसरा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर पहिला आक्षेप अनाठायी म्हणता येत नाही. परंतु तो नेमका नाही. भूत दाखवल्याने अंधश्रद्धा पसरते असे म्हटले तर ‘हॅम्लेट’वरही तोच ठपका ठेवावा लागेल. अंधश्रद्धा संदेहाने वाढत नाही, ती खात्रीने वाढते. पहिले पर्व जोवर संदेहात होते तोवर ते प्रेक्षकाच्या विवेकाला काम देत होते. वाड्यातील सुशिक्षित सून नीलिमा जे प्रश्न विचारी ते त्याचेही प्रश्न होते. म्हणून अंधश्रद्धेच्या आक्षेपाचे खरे लक्ष्य पुढची पर्वे असायला हवी होती. नेमक्या तेव्हा मालिका सवयीची झालेली होती.

बदनामीच्या आक्षेपाचे उत्तर भाषेत सापडते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि मच्छिंद्र कांबळींच्या अभिनयाने मालवणी बोली मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठित केली, पण ती हशाची बोली म्हणून. मालवणी ऐकली की शहरी प्रेक्षक हसण्याच्या तयारीने बसे. या मालिकेने तीच बोली धाक, शिवी, शाप आणि कुजबूज यांसाठी वापरली, आणि पांडूच्या रूपाने हास्यही सोडले नाही. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही होते, हे येथे महत्त्वाचे ठरते. बोली आतून येते तेव्हा ती भय आणि हास्य यांच्यामध्ये कुंपण घालीत नाही. रात्रभर चालणाऱ्या दशावतारात राक्षसाच्या गर्जनेला पोरे दचकतात आणि पुढच्याच क्षणी हसतात. मालिकेच्या चांगल्या प्रसंगांची लय त्या प्रयोगाच्या जवळची होती.

वादाचा खरा विषय दुसरे पर्व आहे. तेथे कथा मागे गेली. अण्णा जिवंत झाले, माधव अभ्यंकर यांनी त्यांना देह आणि दरारा दिला; अपूर्वा नेमळेकर यांनी शेवंता उभी केली. ऑगस्ट २०२० मध्ये पर्व संपेपर्यंत दोघेही मरतात, आणि पहिल्या पर्वाचा आरंभ जेथे होता तेथे कथा पोचते. शेवट ठाऊक असलेली गोष्ट सांगण्यात कमीपणा काहीच नाही. महाभारताचा श्रोता कधी शेवटासाठी थांबत नव्हता. ‘काय होणार’ ऐवजी ‘कसे झाले’ हा प्रश्न आला की कथन शोकांतिकेच्या जवळ जाऊ शकते, आणि या पर्वातील काही भाग तसे गेलेही. अण्णांच्या हातून जी माणसे मरतात ती त्यांना दिसू लागतात. येथे भूत हे अपराधाचे रूप आहे आणि ते फक्त अपराध्याच्या डोळ्यांना आहे, ही कल्पना पहिल्या पर्वाहूनही प्रगल्भ होती.

अडचण उद्भवली ती दृष्टिकोनाची. पहिल्या पर्वात अण्णा ज्यांच्या आठवणीत होते त्या माणसांकडे कथन होते. दुसऱ्या पर्वात कॅमेरा अण्णांबरोबर चालू लागला. खून करणारा, जमिनी बळकावणारा, घरच्या बायकोला कस्पटासमान लेखणारा हा पुरुष आठवड्यातून पाच-सहा रात्री साडेदहाला घरात येऊ लागला आणि घरचा झाला. त्याची ‘शेवंता’ ही हाक अनुकरणाचा आणि विनोदाचा विषय झाली. दीर्घ मालिकेचा हा एक नियमच आहे. रोज भेटणाऱ्या माणसाची भीती वाटेनाशी होते, आणि भीती गेली की तिच्या जागी माया येते. लेखकांनी हे ठरवून केले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कथनाची जबाबदारी हेतूवरून ठरत नाही. माई त्याच वाड्यात, त्याच चुलीपाशी, सर्व पाहत होत्या. त्यांची सोशिकता प्रेक्षकाला दिसत होती. त्यांचे निवेदन मात्र त्याला कधीच मिळाले नाही. शेवंतेलाही अण्णांच्या इच्छेचा विषय म्हणूनच अधिक वेळा पाहिले गेले. अण्णांशी उघड वैर धरून शिव्याशाप देणारी वच्छी हा या पर्वाचा अपवाद. संजीवनी पाटील यांनी साकारलेल्या या बाईच्या तोंडी जेव्हा कथा जाते तेव्हा तिचा सूरच पालटतो. तेवढ्यावरून, संपूर्ण पर्व तिच्या बाजूने सांगितले असते तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

याच सुमारास बाहेर झालेला एक प्रयोग तुलनेला घेण्यासारखा आहे. हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या कथेवर आधारलेली ‘द हाँटिंग ऑफ ब्लाय मॅनर’ ही मालिका २०२० मध्ये आली. मूळ कथेची कीर्तीच अशी की भुते खरी की आयाबाईच्या मनातली, याचा निकाल शतकाहून अधिक काळ लागलेला नाही. मालिकेने तो लावून टाकला आणि भुते खरी ठरवली. यावर जेम्सप्रेमींनी नाराज व्हावे हे स्वाभाविक. पण तिने भुतांचा एक वेगळा नियमही सांगितला: काळ जातो तसे भूत स्वतःला विसरते आणि त्याचा चेहरा पुसट होत होत नाहीसा होतो. वाड्याच्या मूळ भुताचा पूर्वेतिहास तिने शेवटाच्या आधीच्या एकाच भागात, कृष्णधवल चित्रणात, सांगून संपवला. त्या भागामुळे कथेची गती मोडली असा एक पक्ष आहे, आणि त्याच्यामुळेच तिला करुणा लाभली असा दुसरा. मराठी मालिकेने त्या एका भागाचे दीड वर्षाचे पर्व केले. चेहरा पुसट होण्याऐवजी तो अधिकाधिक ठळक होत गेला. मार्च २०२१ पासून तिसरे पर्व सुरू झाले. त्याच्या मध्यावर शेवंतेची भूमिका अपूर्वा नेमळेकर यांच्याकडून कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. भुताचा चेहरा बदलला! कथेच्या दृष्टीने ही केवढी मोठी संधी होती. मालिकेने ती व्यावहारिक अडचण म्हणून निभावून नेली. या पर्वात अण्णा आणि शेवंता उघडपणे भुते म्हणून वावरतात. संदेह संपतो, अद्भुताचा स्वीकार होतो, आणि तोदोरोव्ह यांच्या अर्थाने विलक्षणाचा प्रदेश मागे पडतो.

आता पुन्हा यवतमाळकडे वळणे आवश्यक आहे. संमेलनाच्या उद्घाटक वैशाली येडे या ‘तेरवं’ या नाटकात काम करीत होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः रंगमंचावर येतात. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. नाटकाच्या नावातच मृताच्या जाण्याची आणि मागे राहिलेल्या घराची वेळ ठरलेली आहे. पहिल्या पर्वाचे साहित्यही मूलतः हेच होते: एक मृत्यू, दिवसकार्यासाठी जमलेले घर, जमिनीचा प्रश्न, पांढऱ्या कपाळाची बाई. साहित्य एक असताना एका ठिकाणी गॉथिक निर्माण होते आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाही, याचे कारण केवळ कलावंतांच्या रुचीत शोधता येणार नाही.

त्याचे एक कारण जमिनीच्या इतिहासात आहे. कोकणातील खोती कायद्याने १९४९ मध्ये रद्द झाली, तरी खोताच्या वाड्याची स्मृती टिकली. कुळ आणि मालक यांच्या नात्यातील भीतीला तेथे घर मिळाले. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि तेथे रयतवारी लागू झाली. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. आजही त्यातील कित्येक गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द आढळतो, म्हणजे मधल्या मक्तेदारांच्या खुणा येथेही आहेतच. तरीही सर्वसाधारण खातेदाराची गाठ सरकारशी आणि कापसाच्या पैशासाठी सावकाराशी पडे. धाक एका वाड्यात एकवटलेला नव्हता. तो कागदावर, वहीत, बाजारभावात पसरलेला होता. अशा धाकाला चेहरा देणे कठीण, आणि चेहऱ्याविना भूत उभे राहत नाही.

गॉथिक कथेत मेलेला माणूस आपले देणे वसूल करायला परत येतो. यवतमाळच्या गोष्टीत मेलेला माणूसच देणेकरी असतो, आणि वसुलीला जी येतात ती जिवंत माणसे. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. राज्यातील शेतकरी आत्महत्यांच्या सार्वजनिक नोंदीचा आरंभ तेथून केला जातो. त्यानंतरच्या काळात अशा मृत्यूंना शासनदप्तरी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन शब्द लाभले. पात्र ठरल्यास कुटुंबास १ लाख रुपयांचे साहाय्य. त्यासाठी जमीन नावावर हवी, कर्ज हवे, तगादा हवा. मृत्यूला कारण होते की नव्हते, याचा तपास विधवेच्या दारात येतो आणि निर्णय तिच्या हातात नसतो. पहिल्या पर्वात वाड्यावर आलेला तपास प्रेक्षकाला उत्कंठा देतो. येथला तपास उत्कंठेचा विषय होत नाही, कारण त्यात अपराधी कोण हे विचारलेच जात नाही.

विधवेच्या निवेदनात भुताला जागा नसते, असा याचा अर्थ घेतला जाण्याचा संभव आहे. तो घेऊ नये. ‘पण लक्षांत कोण घेतो?’पासून ‘तेरवं’पर्यंत या निवेदनाने वास्तवाची शपथ घेतलेली आहे, आणि त्या शपथेचे मोल फार आहे, पण तिच्यामुळे एक दार बंदही झाले. रात्री गोठ्यापाशी नवऱ्याची चाहूल लागते असे एखाद्या बाईने सांगितले तर समाजकार्यकर्ता ते टिपून घेणार नाही, नाटककार त्याला संकोचेल, आणि वाहिनीवाला त्याचा लगेच प्रोमो करील. या तिघांच्याही हाती न लागणारे असे काही अनुभवविश्व आहे. दुसऱ्या बाजूने, वाड्याच्या कथेत माईंनी एकदा तरी तोंड उघडून या माणसाच्या मरणाने सुटल्याची भावना बोलून दाखवली असती तर पहिल्या पर्वातील प्रत्येक रात्रीचा अर्थ पालटला असता. अण्णांचे भूत तेव्हा वारसांना छळण्यासाठी नव्हे, तर तिचे ते वाक्य ऐकू येऊ नये म्हणून घरात फिरते, असे प्रेक्षकाला दिसले असते.

आकेरीचा वाडा पाहायला नंतरच्या काळात पर्यटक जाऊ लागले. शेवंता कोठे बसत असे आणि अण्णा कोठे, याची ते चौकशी करीत. माईंच्या चुलीची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही.